चाच्यांच्या नावाने गस्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या नद्यांवरील ब्रिटिश गनबोटींवर आलेला लेख आवडीने वाचला. बोटींचे वर्णन उत्तम आहे. मात्र नद्यांत चाचे माजले, चिनी सरकारला ते आवरेनात, म्हणून ब्रिटिशांना नाइलाजाने गस्त घालावी लागली, हा लेखाचा सूर पटला नाही. चाचे होतेच, आणि त्यांच्या हातून सर्वाधिक नाडले गेले ते चिनी व्यापारी नि प्रवासीच. पण परक्या युद्धनौकांना चीनची दारे मोकळी करणारा तह ज्या भांडणातून निघाला, ते 'ॲरो' प्रकरण लेखात कुठेच नाही.

8 ऑक्टोबर 1856 रोजी कँटनला (आजचे ग्वांगझौ) पर्ल नदीत नांगरलेल्या 'ॲरो' या गलबतावर चिनी अधिकारी चढले आणि चाचेगिरीच्या संशयावरून त्यांनी 12 खलाशी पकडले. म्हणजे चाचे पकडण्याचे काम चिनी सरकारच करीत होते! गलबताचा मालक चिनी, नोंदणी हाँगकाँग या ब्रिटिश वसाहतीची, आणि त्या नोंदणीची मुदतही आधीच्याच महिन्यात उलटलेली. तरी कँटनमधले ब्रिटिश वाणिज्यदूत हॅरी पार्क्स यांनी झेंड्याचा अपमान झाल्याचा कांगावा केला. खलाशी परत मिळाले, माफी मिळाली नाही, एवढ्यावरून कँटनवर तोफा डागण्यात आल्या. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटला हे रुचले नाही. मार्च 1857 मध्ये खासदार रिचर्ड कॉब्डेन यांचा निषेधाचा ठराव 263 विरुद्ध 247 मतांनी संमत झाला. पंतप्रधान पामर्स्टन यांनी निवडणूक लावली, जिंकली आणि लढाई पुढे रेटली.

त्यातून 1858 चा तियानजिनचा तह झाला. त्याच्या 52 व्या कलमाने शत्रुत्वाचा हेतू नसलेल्या किंवा चाच्यांच्या पाठलागावर असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांना चीनच्या सगळ्या बंदरांत शिरण्याची मुभा दिली. चाच्यांच्या संशयितांना हात लावला म्हणून ज्यांच्यावर तोफा डागल्या, त्यांच्याकडूनच चाच्यांच्या नावाने ही मुभा लिहून घेतली. पुढे यांगत्से नदीवर हांकौ शहरापर्यंत आणि त्याहीवर या बोटी गेल्या त्या असल्या तहांच्या जोरावर.

बरे, गस्तीने चाचे आवरले का? दक्षिणेतील शी नदीवर (इंग्रजी कागदपत्रांतली वेस्ट रिव्हर) चाचे साधे प्रवासी म्हणून तिकीट काढून आगबोटीत बसत. वाटेत ठरल्या वेळी पिस्तुले काढून कप्तानाची जागा आणि इंजिनघर ताब्यात घेत. बाहेरून फिरणारी गनबोट तिथे काय करणार? जुलै 1906 मध्ये 'साइनाम' आगबोटीवर असाच दरोडा पडला आणि एक ब्रिटिश मिशनरी डॉक्टर मारला गेला. त्यानंतर 1907 च्या अखेरीस ब्रिटिशांनी या नदीत स्वतःची गस्त सुरू केली. कँटनचे व्यापारी मात्र उसळले. आमच्या नदीत परक्यांचे आरमार कशाला, म्हणून सभा झाल्या आणि त्याच सुमारास तिथल्या व्यापाऱ्यांची स्वशासन सभा ही संघटना उभी राहिली. ज्यांचा माल लुटला जात होता तेच गस्तीविरुद्ध का उठले, या प्रश्नाचे उत्तर लेखात शोधूनही सापडत नाही. पुढे 1914 मध्ये 'ताई ऑन' ही आगबोट चाच्यांनी पेटवली आणि शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतले.

लेखात मुंबईचा उल्लेख नाही, याचेही नवल वाटले. 29 ऑगस्ट 1842 रोजी पहिले अफूयुद्ध संपवणारा नानजिंगचा तह यांगत्से नदीत ज्या 'कॉर्नवॉलिस' युद्धनौकेवर झाला, ती जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली होती. ज्या अफूपायी ते युद्ध पेटले, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे. हे आपल्याकडे कौतुकाने सांगावे की खाली मान घालून, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण वगळू नये.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकांनी हाँगकाँगच्या आगबोटींवर बंदुका घेऊन उभ्या असणाऱ्या शीख पहारेकऱ्यांवर जरूर लिहावे. चाचे प्रवासी बनून बोटीतच असत, तेव्हा त्यांच्याशी पहिली गाठ या पहारेकऱ्यांचीच पडे. गनबोटींच्या कप्तानांची नावे लेखात आली आहेत, या माणसांचा मात्र एका ओळीनेही उल्लेख नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे