खालच्या खोलीतली लाकडी जमीन

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण बाबांना हल्ली फोनवरचं नीट ऐकू येत नाही आणि हे अर्धवट कळून चालायचं नाही. आई, सावकाश वाचून दाखव त्यांना.

चवथीला आले तेव्हा खालच्या खोलीतल्या लाल सिमेंटला घाम सुटला होता आणि बाबा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. जिना झेपत नाही म्हणून तुम्ही माडीवरून खाली आलात त्याला दीड वर्ष झालं, पण बाबांच्या पायांना अजून माडीवरच्या फळ्यांची सवय आहे. तेव्हा खाली लाकूड घालायचं हे मलाही मनापासून पटलंय. प्रश्न आहे तो कसं बसवायचं एवढाच.

बाबा, तुम्ही म्हणता गोठ्यात ठेवलेल्या जुन्या सागवानी फळ्या काढू, खाली लाकडी पट्ट्यांच्या रिपा टाकू आणि माडीसारख्याच खिळ्यांनी ठोकू. माडीची जमीन इतकी वर्षं टिकली ती कशामुळे, याचा मी खूप विचार केला. लहानपणी मे महिन्यात तिच्या फटीत मी चार आण्याचं नाणं उभं करायचे आणि ते खाली ओसरीत पडायचं. श्रावणात त्याच फटीत नखसुद्धा शिरत नसे. लाकूड हवेतलं पाणी पिऊन आडवं फुगतं, लांबीत मात्र जवळजवळ नाही. १०० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतलं पाणी ५ टक्क्यांनी वाढलं, तर ती साधारण १ मिलिमीटरनं रुंदावते. बारा फुटांच्या खोलीत सगळ्या फळ्यांचं मिळून ते एक इंचाहून जास्त होतं. जुन्या सुतार मेस्तानं दोन फळ्यांमध्ये जागा सोडली होती आणि खालून ओसरीची हवा सतत लागत होती, म्हणून माडी टिकली.

खालच्या खोलीत ती हवा कुठून आणणार? आपलं जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं. जांभा जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे ते पाणी कधी कमी पडत नाही. रिपांमधली पोकळी अंधारी, दमट आणि बंद राहील. वाळवीला आणखी काय हवं? फळी आतून पोखरली तरी वरून कळणार नाही. एखाद्या रात्री तुमच्यापैकी कुणाचा पाय आत गेला तर, ही माझी खरी भीती आहे.

कंत्राटदार म्हणतो तशी खाचेत खाच अडकवून नुसती अंथरायची तरंगती जमीनही मला नको आहे. ताईच्या पणजी शहरातल्या फ्लॅटमध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. बसवणाऱ्यानं ती चारी भिंतींना घट्ट भिडवली आणि जुलैत मधोमध उचलली गेली. चूक पद्धतीची नव्हती, भिंतीशी फट न सोडण्याची होती. पण या जमिनीखाली फोमचा थर असतो, चालताना ती किंचित दबते आणि पोकळ वाजते. काठी टेकून चालणाऱ्याला पायाखाली ठाम लागलं पाहिजे.

म्हणून माझं मत चिकटवण्याकडे आहे, आणि तेही अखंड सागवान नव्हे, इंजिनिअर्ड फळी. वर ३-४ मिलिमीटर खरा सागवान आणि खाली प्लायवूडसारखे एकाआड एक काटकोनात चिकटवलेले थर. एक थर फुगायला बघतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. पायाला लागतो तो सागवानच, बाबा. आधी लाल सिमेंटचा गुळगुळीतपणा मशीननं घासून काढायचा, नाहीतर वरचा थर धरणार नाही. मग ओल अडवणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात आणि त्यावर रबरासारखा लवचिक राहणारा पॉलियुरेथेनचा गोंद. सुताराचा पांढरा गोंद कुणी आणला तर परत पाठवा. तो पाण्यातला असतो, फळी त्यातलंच पाणी पिते. भिंतीशी चहूबाजूंनी अर्धा इंच फट सोडायची, यावर मात्र अजिबात तडजोड नको.

पण हे सगळं दिवाळीनंतर, आणि तेही आधी एक परीक्षा करून. ती परीक्षा पाऊस आहे तोवरच करा, तेव्हाच खरं कळेल. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा खोलीच्या मध्ये ठेवून चारी कडा टेपनं पक्क्या चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. तसाच दुसरा तुकडा मागच्या भिंतीजवळ लावा. मागच्या पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याशी पडतं, तिथे पत्र्याचं पन्हळ तर कसंही करून लावायलाच हवं. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा सिमेंट काळपट पडलं, तर पन्हळ लागून जोतं सुकेपर्यंत आपण फळीची ऑर्डरच द्यायची नाही. एक वर्ष थांबावं लागलं तरी चालेल. तोवर मी बाबांच्या खुर्चीखाली जाड काथ्याची चटई पाठवते.

आई, तुला एक मागणं. तू रोज ओल्या फडक्यानं खोली पुसतेस, ते या जमिनीवर करू नकोस. घट्ट पिळलेलं फडकं, तेही आठवड्यातून एकदा पुरे.

आणि बाबा, गोठ्यातल्या फळ्या वाया जाणार नाहीत. त्या चिरून भिंतीच्या कडेनं स्कर्टिंग करून घेऊ, म्हणजे ती अर्ध्या इंचाची फट झाकली जाईल. फक्त स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. उरलेल्यातली सर्वांत जाड फळी दाराच्या उंबरठ्याला. मेस्ताला दाखवण्याआधी वाळवीसाठी एकेक फळी ठोकून बघा.

प्लास्टिक उघडाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा. मला स्वतःला बघायचंय.

तुमची,
धाकटी