डायरी लिहून घेता, पण वाचतं कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदर बायकांवरच्या संशोधनासाठी आता मोबाईल अ‍ॅपवर कसं वाटतंय त्याची रोजची डायरी घेतात असं तुमच्या पेपरात वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितेय. मी स्वतः अशा एका अभ्यासात होते, दुसऱ्या खेपेला, चौथ्या महिन्यापासून पार बाळंत होईपर्यंत.

आधी कौतुक करते. पहिल्या वेळी एक ताई घरी येऊन मुलाखत घेऊन गेल्या होत्या, तेव्हा बाळ तीन महिन्यांचं. गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने कसे गेले विचारलं तर मी आपलं सांगून टाकलं, छान गेले! बाळ मांडीवर होतं ना, त्यामुळे उलट्या, रडारड, नवऱ्याशी भांडणं सगळं विसरायला झालेलं. रिसर्चवाले ह्याला रिकॉल बायस म्हणतात. तो टाळायला त्या त्या वेळीच नोंद करून घ्यायची ही आयडिया काही स्मार्टफोनमुळे आलेली नाही बरं का, १९७० च्या दशकात शिकागोत लोकांना पेजर दिले होते, तो वाजला की काय करताय, काय वाटतंय ते कागदावर लिहायचं.

अ‍ॅपवर मी रात्री तीनला झोप उडाली की अंधारात पडल्या पडल्याच व्हॉइस नोट करायचे. समोर कोणी नाही म्हणून लाज नाही. "आज वाटलं हे मूल नकोच होतं" हे मी डॉक्टरांना सोडा, आईलाही बोलले नसते. एडिनबरा स्केलचे १० प्रश्न असतात, नैराश्य ओळखायला ते चांगलेच आहेत, पण त्यात चारातलं एक उत्तर निवडायचं, असं का वाटलं ते सांगायला जागाच नाही.

आता मुद्द्याचं. आठव्या महिन्यात एकदा संध्याकाळी मी नोट केली की दुपारपासून बाळ फारसं हललं नाहीये, भीती वाटतेय. लगेच मेसेज आला, "धन्यवाद, तुमची नोंद आम्हाला मिळाली." मला वाटलं कोणीतरी ऐकलं, काही काळजीचं असतं तर फोन केला असता, आणि मी चक्क झोपले. सकाळी जाऊबाईंना सहज बोलले तर त्यांनी तशीच दवाखान्यात नेली. सगळं ठीक निघालं, पण तिथल्या डॉक्टर जाम चिडल्या, हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नसते म्हणाल्या.

नंतर अभ्यासवाल्या मॅडमना फोन केला तर कळलं की नोट्स लगेच कोणी ऐकतच नाही! सगळ्यांच्या जमा झाल्या की टाइप करून घेतात, मग त्यातले विषय शोधत बसतात. संमतीपत्रात लिहिलंय म्हणाल्या. असेलही, नवव्या पानावर. माझी नोट २२ सेकंदांची होती, तेवढीही कोणी ऐकली नाही.

संशोधन म्हणजे उपचार नाही हे मला कळतं. पण रात्रंदिवस "बोला, आम्ही ऐकतोय" असं दाखवणारं अ‍ॅप हातात दिलं की बाईला वाटणारच पलीकडे माणूस आहे. रेकॉर्डच्या बटणापाशीच ठळक लिहा की हे आत्ता कोणी ऐकत नाही, हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं तर आधी दवाखाना गाठा. आणि रोजच्या नोट्स रोज चाळायला एक माणूस ठेवा की, तेवढं जमत नसेल तर रोज विचारू नका.

अजून एक, आमच्याच अभ्यासातल्या एकीचं पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. तिला पुढे दोन आठवडे "ह्या आठवड्यात कसं वाटतंय?" येत राहिलं, बंद करायला कारण निवडा म्हणे. मूल गेलंय एवढं सांगायचं एक बटण ठेवावं हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना सुचलंच नाही का?

डेटाचंही बघा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लो ह्या पाळीच्या अ‍ॅपवर कारवाई केली, बायकांची माहिती फेसबुक-गुगलसारख्या कंपन्यांकडे गेल्याबद्दल. ते संशोधनाचं अ‍ॅप नव्हतं, मान्य. पण माझा तर आवाज आहे त्यात, नाव काढून टाकलं तरी ओळखीचा माणूस ओळखेलच. त्या नोट्स आता कुठल्या सर्व्हरवर आहेत आणि कधी पुसणार हे मी दोनदा ईमेल करून विचारलंय. उत्तर आलं की कळवीन.

आपली,
एक वाचक