बर्फावरची टू-स्ट्रोक: बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

रेव्हलस्टोक, ब्रिटिश कोलंबिया,
कॅनडा

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही विचारलंत, "आपल्याकडं टू-स्ट्रोक जाऊन इतकी वर्षं झाली, मग तिकडं बर्फावरच्या गाड्यांत नवी कोरी टू-स्ट्रोक विकतात कशी? आणि तीसुद्धा टर्बो लावून?" मी घाईत काहीतरी सांगितलं आणि तेवढ्यात लाइन कटली. ज्यानं कराडात बसून चेतकची आणि आरएक्स १०० ची ढिगानं इंजिनं उघडली, त्या माणसाला असलं अर्धवट उत्तर देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. आईला इंजिनाचं नको असेल तर तिनं ते सोडून द्यावं, पण शेवटी हिमस्खलनाबद्दल लिहिलंय ते नक्की वाचावं.

सोलांगला आपण गेलो होतो तेव्हा बर्फावर भाड्यानं स्नो स्कूटर फिरवत होते, आठवतंय? इथं तिला स्नोमोबाइल म्हणतात, आमच्या वर्कशॉपमध्ये नुसतं 'स्लेड'. पुढं दोन स्की, मागं रबराचा रुंद पट्टा, तो ट्रॅक. गिअर नाहीत. स्कूटीसारख्या दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट. कूलिंगची तऱ्हा मला फार आवडली. ट्रॅकच्या वर अॅल्युमिनियमची चपटी पोकळी असते, तिच्यातून कूलंट फिरतं आणि ट्रॅकनं उडवलेला बर्फ खालून तिच्यावर आदळून ते गार होतं. वाट काचेसारखी कडक झाली की बर्फ उडतच नाही आणि इंजिन तापायला लागतं. मग स्क्रॅचर नावाच्या लवचिक तारा खाली सोडायच्या. त्या वाट खरवडत जातात आणि बर्फाचा भुगा वर फेकतात.

आता टू-स्ट्रोक. ती का हद्दपार झाली हे तुम्हाला मी सांगायला नको. पेट्रोल-हवेचं नवीन मिश्रण आत येताना जळलेला धूर बाहेर ढकलतं आणि त्यातलं थोडं स्वतःही एक्झॉस्ट पोर्टातून, म्हणजे धुराच्याच वाटेनं, निसटतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर, वर ऑइलचा धूर, आणि वर्षा-दोन वर्षांनी तुम्ही सायलेन्सर जाळात घालून कार्बन काढताय. इथल्या गाड्यांत हीच गोष्ट सुधारली. स्की-डू या इथल्या ब्रँडच्या ई-टेक इंजिनात सिलिंडर साफ करायला मुख्यतः हवाच येते. पोर्ट बंद होण्याच्या बेतात आला की हेडमधला इंजेक्टर थेट आत पेट्रोल फवारतो, म्हणजे बाहेर निसटायला पेट्रोल फारसं शिल्लक राहत नाही. ऑइलही पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, वेगळ्या टाकीतून पंप मोजून देतो. धूर अगदीच नाही असं नाही, सकाळी पहिल्यांदा चालू करताना वास येतोच. पण आपल्या रिक्षा स्टँडवरचा तो निळा ढग इथं दिसणार नाही.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण पहिली स्की-डू १९५९ साली आली तेव्हा तिला कोहलरचं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन होतं. ती बनवणारा जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा क्युबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा गॅरेजवाला. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद असल्यामुळं त्याचा लहान मुलगा दवाखान्यापर्यंत पोहोचू शकला नाही आणि गेला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे त्याचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते, त्यानंतर त्यानं ते सोडले नाहीत. पुढं ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची हलकी टू-स्ट्रोक इंजिनं या गाड्यांत आली आणि हा धंदा खरा त्यांच्यावरच वाढला.

हलकी, हा शब्द लक्षात ठेवा, सगळं तिथंच येऊन थांबतं.

आमच्या गावाची उंची जेमतेम ५०० मीटर आहे, पण बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज या डोंगरांवर लोक गाड्या घेऊन २,००० मीटरच्या आसपास जातात. ३०० मीटर चढलं की साध्या इंजिनाची ताकद ढोबळमानानं ३ टक्के घटते, कारण हवा विरळ होत जाते. म्हणजे खाली १६५ हॉर्सपॉवरची गाडी वर आमच्याकडं १३५ च्या जवळ येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तर लोक ३,००० मीटरच्याही वर चालवतात, तिथं तीच गाडी ११५-१२० ची उरते. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. डोंगरात त्याचं पहिलं काम हे, उंचीनं काढून घेतलेली ताकद परत देणं. जास्तीची ताकद ही त्यानंतरची गोष्ट.

पूर्वी डोंगरातले हौशी लोक टू-स्ट्रोकला बाहेरून टर्बोचं किट बसवून घ्यायचे. किट चांगलं आणि माणूस जाणता असेल तर गाडी जबरदस्त पळायची, नाहीतर नॉकिंग होऊन, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून, पिस्टनला भोक पडायचं. कंपनीतूनच टर्बो लावून आलेली पहिली टू-स्ट्रोक म्हणजे २०२० च्या मॉडेलची स्की-डू समिट ८५० ई-टेक टर्बो. १६५ हॉर्सपॉवर, आणि ती २,४४० मीटरपर्यंत तेवढीच टिकते. मग २०२२ च्या मॉडेलमध्ये पोलारिस कंपनीची पॅट्रियट बूस्ट आली. २०२३ च्या मॉडेलमध्ये स्की-डूनं टर्बो आर काढली, ती १८० ची.

इतका उशीर का लागला, ते तुम्हाला ऐकायला आवडेल. फोर-स्ट्रोकला टर्बो लावणं त्या मानानं सोपं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह वेगळा, इनटेकचा वेगळा, कोण कधी उघडायचं ते कॅम ठरवतो. शिवाय इंजिनाच्या तळाच्या संपमधलं ऑइल दाबानं फिरतंच असतं, त्याचीच एक लाइन टर्बोच्या बेअरिंगकडं वळवायची. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. फिरतं ऑइल नसल्यामुळं टर्बोच्या बेअरिंगसाठी निराळी सोय करावी लागते. आणि त्याहून नाजूक भाग म्हणजे एक्झॉस्टचा पाइप. आरएक्सचा सायलेन्सर बदलला की पिकअप का बदलायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. पाइपच्या पोटातून उलटी येणारी लाट निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. त्या लाटेच्या वाटेतच टर्बाइन ठेवलं तर सगळा ताल बिघडेल, म्हणून टर्बो पाइपच्या पुढं, शेवटाकडं बसवतात. मागं किती दाब साठू द्यायचा हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवतो. पहिल्यांदा हे उघडून बघितलं तेव्हा मला तुमची फार आठवण झाली.

आता कोणी काय चालवावं. डोंगरातल्या मोकळ्या, कमरेइतक्या बर्फात चालवणारा माणूस सीटवर बसतच नाही, उभाच असतो. आडव्या उतारावरून जाताना दोन्ही पाय एका बाजूच्या पायपट्टीवर आणायचे, हँडल उताराकडं वळवायचं, गाडी डोंगराकडं कलती करायची आणि ट्रॅकच्या एका कडेवर धरून न्यायची. तिला सारखं खाली पळायचं असतं, दाव्याला हिसका मारणाऱ्या खोंडासारखं. अशा वेळी हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा वजन महत्त्वाचं. डोंगरातली टर्बो टू-स्ट्रोक मोकळी २०० किलोच्या थोडी वर भरते, ट्रेलवरची, म्हणजे सपाट केलेल्या वाटांवरची, टर्बो फोर-स्ट्रोक २५० ते २९०. आणि फोर-स्ट्रोकचा जादा भार बहुतेक पुढं असतो, त्यामुळं खोल बर्फात नाक रुततं. झाडाच्या बुंध्याशी गाडी अडकली आणि दोघांनी उचलून काढायची वेळ आली, की तो ५०-८० किलोंचा फरक पाठीला कळतो. टू-स्ट्रोकचा रेस दिल्यावरचा झटकाही डोंगरात उपयोगी पडतो. समोर अचानक झाड आलं की अर्ध्या सेकंदात नाक उचलून वळावं लागतं. डोंगरातला ट्रॅकही वेगळा, १५४ किंवा १६५ इंच लांब आणि त्यावरचे रबरी दात अडीच-तीन इंच उंच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, खोल बर्फात आणि झाडांत टू-स्ट्रोकच. फोर-स्ट्रोक टर्बोचं माउंटन मॉडेलही निघालं, आणि अंगात ताकद असलेले, उघड्या उतारावर सरळ चढाई करणारे लोक ते आनंदानं चालवतात. पण मी ते घेणार नाही.

ट्रेलची गोष्ट मात्र अगदी उलटी. क्युबेकमध्ये रोलर फिरवून सपाट केलेल्या वाटांचं ३०,००० किलोमीटरच्या वरचं जाळं आहे. गावागावांतून वाटा जातात, वाटेत पंप, हॉटेलं, राहायची सोय. लोक दिवसाला ३०० किलोमीटर सहज करतात, मागं बायकोला बसवून. तिथं फोर-स्ट्रोक टर्बो घ्यावी. स्की-डूचं ९०० एस टर्बो हे तीन सिलिंडरचं इंजिन आधी १५० हॉर्सपॉवरचं आलं आणि टर्बो आरमध्ये १८० चं झालं. आवाज खोल आणि मंद, अॅव्हरेज चांगलं, ऑइल जाळणं नाही, कपड्यांना वास नाही. रेस सोडला की इंजिन स्वतः गाडी आवरतं, वळणावर सारखा ब्रेक दाबावा लागत नाही. चेतक उतारावर सोडली की कशी मोकळी धावायची आणि स्प्लेंडर कशी धरून यायची, तोच फरक. आणि गोठलेल्या तळ्यावर नुसता वेग हवा असेल तर यामाहाची साइडवाइंडर, ९९८ सीसी, टर्बो, सुमारे २०० हॉर्सपॉवर. सरळ बर्फावर ती सुटली की बघत राहावं.

पण यामाहाचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. १९६८ पासून ते स्नोमोबाइल बनवत होते. २००३ च्या मॉडेलमध्ये त्यांनी आरएक्स-१ ही फोर-स्ट्रोक आणली आणि पुढं आपलं जवळजवळ सगळं वजन फोर-स्ट्रोकच्या पारड्यात टाकलं. त्यांचं इंजिन दणकट यात वाद नाही. आमच्याकडं सर्व्हिसिंगला येणाऱ्या त्यांच्या गाड्यांत ऑइल बदल, बेल्ट बदल, व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघ, बास. तरीही २०२३ मध्ये त्यांनी हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२५ चं मॉडेल शेवटचं ठरलं. ज्या कंपनीच्या टू-स्ट्रोकसाठी आपल्याकडं माणसं अजून जीव टाकतात, तिनं इथं फोर-स्ट्रोकसाठी शेवटपर्यंत किल्ला लढवला.

सरकारी नियमांचंही विचारलं होतंत. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात स्नोमोबाइल नेता येते, पण आवाज आणि धूर यांच्या कडक मर्यादा आहेत, त्यामुळं तिथं बहुतेक फोर-स्ट्रोकच चालतात. इथं आमच्या भागात कॅरिबू हरणांसाठी डोंगरांचे काही पट्टे बंद असतात, त्यात कुठलंच इंजिन न्यायचं नाही. मला हे दोन्ही नियम योग्य वाटतात.

देखभालीत टू-स्ट्रोक खर्चिक, पण काम सोपं. काही हजार किलोमीटरांनी पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. हात बसलेला माणूस एका दिवसात वरचा भाग उघडून परत बसवतो. फोर-स्ट्रोक त्याच्या कितीतरी पट जास्त चालते, पण ती बिघडली की इंजिन खाली उतरवावं लागतं आणि बिल बघून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. अजून एक. टू-स्ट्रोकला बहुतेक वेळा दोरी असते, ओढून चालू करता येते. मोठ्या फोर-स्ट्रोकला नुसता सेल्फ. उणे ३० मध्ये, गावापासून लांब बॅटरी बसली तर काय करायचं, हा विचार निघण्यापूर्वी करावा लागतो.

आई, आता तुझ्यासाठी. टर्बोमुळं एक गोष्ट खरोखर वाढली आहे. पूर्वी जिथं चढायला वर्षांचा सराव लागायचा तिथं नवीन पोरगंही आता नुसता अंगठा दाबून पोहोचतं, आणि ते उतार नेमके बर्फ निसटणारे असतात. अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचं मुख्य कार्यालय आमच्याच गावात आहे. हिवाळ्यात त्यांचा अंदाज बघितल्याशिवाय मी डोंगराकडं जात नाही. अंगावर ट्रान्सीव्हर असतो, म्हणजे स्वतः सिग्नल सोडणारं आणि बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र. पिशवीत फावडं आणि लांब घडीची काठी. एकटा कधीच जात नाही. उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी थांबून बघतात. यातलं एकही चुकवत नाही, एवढा विश्वास ठेव.

दादा विचारत होता, मी कोणती घेणार. टर्बो टू-स्ट्रोक नवीन घ्यायची तर वीस हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले बारा लाख तरी. कोलोरॅडोत राहत असतो तर तीच घेतली असती, तिथं पर्याय नाही. पण आमच्या उंचीवर साध्या, बिनटर्बोच्या ८५० सीसी गाडीची ताकद पाचव्या हिश्शाच्या आसपासच कमी होते आणि माझ्यासारख्याला उरलेली पुष्कळ आहे. म्हणून बिनटर्बोची, वापरलेली, १५४ इंची टू-स्ट्रोक बघतोय. एक नजरेत आहे. मालकानं पिस्टन अजून बदललेले नाहीत, त्यामुळं किंमत जरा उतरेल. पिस्टन मी स्वतः टाकीन.

बाबा, ती आली की वरचा भाग उघडायच्या दिवशी व्हिडिओ कॉल करतो. तुमच्याकडं तेव्हा रात्र असेल, पण जागे राहा. मला सिलिंडरच्या भिंतीवरच्या रेघा तुम्हाला दाखवायच्या आहेत आणि प्लेटिंग चालेल की सिलिंडर बदलायचं ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमचा,
प्रसाद