एका गोळीचे शहाण्णव टक्के

फोंडा, गोवा
१२ डिसेंबर

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. वाळपईच्या बागायतीत एकटा राहतोस, पलीकडचं घर फोडलं गेलं, म्हणून पणजीला जिल्हाधिकाऱ्यांकडे शस्त्र परवान्याचा अर्ज टाकतोयस. टाक बाबा. पण कोणतं काडतूस एका गोळीत किती टक्के माणसं थांबवतं, याचा तुझ्या त्या जाणकाराने दिलेला तक्ता पाहिला आणि राहवलं नाही. जन्मभर पोरांना संख्याशास्त्र शिकवलेला माणूस मी, शहाण्णव टक्के दिसले की पहिला प्रश्न पडतो: शंभर कोणते धरले?

हे आकडे मार्शल आणि सॅनो या अमेरिकन जोडगोळीचे. मार्शल डेट्रॉइटचे पोलीस. खऱ्या गोळीबारांच्या नोंदी जमवून कोणतं काडतूस एकाच गोळीत माणूस थांबवतं ते त्यांनी मांडलं. .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातल्या १२५ ग्रेन (म्हणजे साधारण आठ ग्रॅम) वजनाच्या होलो पॉइंटला, म्हणजे पोकळ टोकाच्या गोळीला, ९६ टक्के मिळाले. अट अशी की गोळी धडात लागलेली हवी, आणि ती खाल्लेला माणूस पुढे गोळी न झाडता, दहा फुटांपलीकडे न जाता कोसळायला हवा. इथवर ठीक. पण एकाहून जास्त गोळ्या लागल्या, ती घटना यादीतूनच बाद!

आता कागद घे. समज, शंभर जणांना गोळी लागली. पन्नास पहिल्याच गोळीत पडले. चाळीस पडले नाहीत, म्हणून त्यांना दुसरी घालावी लागली. दहा जखमी होऊन पळाले. खरा हिशेब पन्नास टक्के. पण ते चाळीस वगळलेस की उरतात साठ, त्यांत पन्नास यशस्वी, म्हणजे त्र्याऐंशी टक्के! कच्च्या मुलांना बाहेरून परीक्षेला बसवून निकालाची पाटी लावणाऱ्या शाळेचीच ही रीत. हां, त्या चाळिसांतल्या काहींना दुसरी गोळी भीतीच्या भरात, पहिलीचा परिणाम दिसण्याआधीच घातली गेली असेल. पण त्यांना वेगळं कसं काढणार?

शिवाय माणूस का पडला, हेही तक्ता सांगत नाही. गोळी लागली या धसक्यानेच पुष्कळ जण बसतात. त्यात काडतुसाचं कर्तृत्व काय? एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या १९८९ च्या अहवालात एक वाक्य आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं: हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा ते पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो, तेवढा वेळ माणूस हातपाय चालवू शकतो. मेंदूला किंवा मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली तरच तो जागच्या जागी थांबण्याची खात्री.

तो अहवालही मायामीच्या चकमकीतून आला. ११ एप्रिल १९८६, दोन दरोडेखोर, एफबीआयचे आठ एजंट. प्लॅट नावाच्या दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. मग एफबीआयने गोळी किती आत शिरते यावर भर दिला: किमान बारा इंच. काडतूस बदलत आधी १० मिमी, मग .४० इंची असं करत अखेर पुन्हा ९ मिमीवरच आले.

आणि गंमत म्हणजे हा तक्ता तुला उपयोगाचा तरी कुठे? ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारं माप. तुझ्या वाट्याला येणार .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि निवडणूक जाहीर झाली की तेही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतील. त्या महिन्यात चोर आला तर? मागच्या दाराची कडी आणि पडवीतला दिवा आधी बघ, असं मी म्हणेन.

त्या जाणकाराला मात्र माझ्या वतीने विचार: ज्यांना दुसरी गोळी घालावी लागली, ते कोणत्या रकान्यात आहेत? काय म्हणतो ते कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रामनाथ