हरणांची संख्या आणि शिकाऱ्याची जबाबदारी

माननीय संपादक,

हरणांच्या शिकारीचे आणि त्यासाठी घरी बनवलेल्या बंदुकीचे समर्थन करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. लांडग्यांसारखे प्राणी जिथे उरले नाहीत, तिथे हरणे वाढून जंगलातील कोवळी रोपे खुरटतात, हे खरे. मात्र केवळ मोठ्या शिंगांचे नर टिपून संख्या आटोक्यात येत नाही, कारण एकच नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे माद्यांच्या शिकारीचेही परवाने द्यावे लागतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की बाण मुख्यतः रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे पाते वस्तऱ्यासारखे धारदार हवे, नेम जवळूनच धरावा आणि बाण लागल्यावर लगेच न धावता, थोडे थांबून, पानांवरचे रक्ताचे थेंब पाहत माग काढावा. घरी बनवलेल्या बंदुकीचे समर्थन मात्र मला मुळीच पटत नाही. दाबाची चाचणी न झालेली नळी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटू शकते.

आपला,
एक वाचक