वऱ्हाडी उच्चारांनाच दोष का?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात नागपूरच्या तरुणांचे मराठी उच्चार हिंदीच्या संगतीने भ्रष्ट झाल्याचे म्हटले आहे. हे मत मला मान्य नाही. समोरच्याच्या बोलण्याच्या ढंगाकडे आपला उच्चार नकळत झुकणे हा संभाषणाचा स्वभावच असून, मराठी व हिंदी भाषकांच्या सामाईक प्रांताची आणि पुढे राज्याची १९५६ पर्यंत राजधानी असलेल्या या शहरात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लेखकाने आदर्श मानलेला प्रमाण उच्चार तरी कुठे स्थिर राहिला? ‘केलें’, ‘घरें’ यांतील नासिक्य ध्वनी बोलण्यातून लोपला, म्हणूनच मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून वगळले. ‘ष’ आणि ‘श’ यांतील भेद तर सुशिक्षितांच्या तोंडीही क्वचितच ऐकू येतो. या बदलांना कोणी भ्रष्टता म्हणत नाही. मग ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलालाच वर्गात का हसावे? शाळेने प्रमाण उच्चार अवश्य शिकवावा, माझाही तोच आग्रह आहे. परंतु घरचा उच्चार अशुद्ध ठरवून मुलांना बोलण्याचीच भीती घालू नये.

– एक निवृत्त शिक्षक, नागपूर