कायदा न बदलताही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्रियांच्या भविष्याची भयाण चित्रे रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. त्यावर एका वाचकबंधूंनी लिहिले की ही सगळी अमेरिकेतली दुखणी, गोव्यात समान नागरी कायदा असताना आपल्याला त्यांचे काय! या पत्राला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

लेखात उल्लेख होता तो कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीचा. जगाच्या इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलेले नाही असे काहीही त्यात घालायचे नाही, अशी अट लेखिकेने स्वतःलाच घातली होती. रुमानियाने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणून बायकांच्या कुशीचा हिशेब सरकारदरबारी मांडलाच होता. कादंबरीत सक्तीने मुले जन्माला घालायला लावलेल्या बायकांच्या लाल झग्यांची चर्चा फार होते. मला मात्र बँकेचा प्रसंग विसरता येत नाही. एका दिवसात बायकांची खाती गोठतात, नोकऱ्या जातात आणि पैसा नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती जातो. बंदूकवाले दिसतात खरे, पण खरे काम कॉम्प्युटरवर आधीच उरकलेले असते.

आता आपला कायदा. तो १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची निम्मी-निम्मी, घर-जमीन विकायची तर बायकोची सही हवीच आणि लेकीला लेकाइतकाच वाटा. याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच राजवटीने १८८० साली गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता काढली. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशी उलटली तरी मुलगा झाला नाही, तर तिच्या हयातीत दुसरी बायको करायला या संहितेने नवऱ्याला वाट ठेवली. कुणा कादंबरीकाराने हे कलम लिहिले असते तर वाचकबंधूंनी अतिशयोक्ती म्हणून पुस्तक मिटून ठेवले असते.

आणि आजचे काय? सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत एकदा तासभर बसून पाहावे. भाऊ, भावजय आणि सासरहून मुद्दाम बोलावून घेतलेली बहीण. कागद इंग्रजीत, तो तिला कोणी वाचून दाखवत नाही. पेन्सिलीची फुली असते तिथे बोट ठेवून लिहिणारा म्हणतो, “हांगा सय कर गो बाय.” ती करते. बापाच्या घरातला वाटा गेला. का सोडलास म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: लग्नाला खर्च केला ना त्यांनी, आणि उद्या माहेरचे दार उघडे नको का? ॲटवूड यांच्या राज्यकर्त्यांना निदान कायदा तरी बदलावा लागला. आपल्याकडे तो जागच्या जागी आहे, भाषणांत त्याचे कौतुकही होते आणि वाटा मात्र बाईच्याच सहीने जातो. अशा कादंबऱ्या गोव्यात वाचायच्या त्या यासाठी.

विधानसभेचेही तेच. ४० जागांपैकी २०२२च्या निवडणुकीत बायका निवडून आल्या ३. संसदेने २०२३ साली एकतृतीयांश आरक्षण मंजूर केले, पण ते जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्या पलीकडे टांगून. (याला भविष्यकथा नाही तर काय म्हणायचे?)

अशा कथा लिहिण्याचा प्रकार आपल्याला परका आहे असेही नाही. बंगालच्या लेखिका बेगम रोकेया यांनी १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. तीत पुरुष घरात कोंडलेले आहेत, राज्य बायका चालवतात आणि शत्रूला सूर्याच्या उष्णतेने पळवून लावतात. मराठीत तर ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला होता. त्यापुढची कथा गोव्याच्या मातीतून लिहून घ्यायला काय हरकत आहे? २०६० सालचे काणकोण किंवा सत्तरी घ्या. बायकोची संमती मोबाइलवर एका अंगठ्याने नोंदली जाते आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो. इथून कुणीही पुढे लिहावे.

आपल्या दिवाळी अंकासाठी अशी कथास्पर्धा जाहीर करावी, ही विनंती. कथा मराठीत असाव्यात, संवाद कोंकणीत आले तर कापू नयेत. परीक्षक नेमताना नेहमीचे तीन ज्येष्ठ साहित्यिक बोलावू नका, निदान दोघी बायका असू द्या.

आपली,
एक वाचक, फोंडा